सकाळची हवा



दर्यापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या अल्टो ८०० जवळ जरा वाका आणि टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. १४५, मग ८०, मग आर १२. टायरची रुंदी १४५ मिलिमीटर. रिमपासून जमिनीपर्यंतची रबराची भिंत त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि रिम १२ इंची. एवढ्याशा चार चाकांवर पाच माणसे आणि तुरीचं एखादं पोतं येवद्याहून दर्यापूरला येतं.

लहानपणी मी लोहाराकडे बंडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली आहे. लोखंडी धाव लाल होईस्तोवर तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. ती आकसली की चाक आवळलं जाई. त्या चाकात हवा नव्हती, पण ते मोठं होतं. लहान खड्डा त्याला जाणवतही नसे. १२ इंची चाक मात्र त्याच खड्ड्यात खोल उतरतं. तो दणका आधी झेलते ती ११६ मिलिमीटरची भिंत आणि तिच्या आतली हवा.

पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या डांबराला लाटा येतात, कडा खचतात. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मला त्याचा अभिमान आहे. पण महामार्ग सोडून गावाकडे वळलो की पुन्हा तीच लाट आणि तोच खड्डा.

म्हणून लहान गाडीला रुंद, चपटे टायर आणि मोठ्या अलॉय रिम लावणाऱ्या तरुणांना मी कळकळीनं थांबवतो. मीही एकदा त्या लावल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी रिम वाकली, टायरची कड सुटली आणि सगळी हवा गेली. भिंतच बुटकी, दणका झेलणार कोण? नॅनोच्या कर्त्यांनी तर पुढे १३५ आणि मागे १५५ रुंदीचे टायर दिले, कारण तिचं इंजिन मागे आहे आणि भारही मागेच जास्त. गाडी बनवणाऱ्यानं चाकाचं माप असं विचार करून ठरवलेलं असतं.

आता उन्हाळ्याकडे येतो. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की पुष्कळ जण टायरची हवा कमी करतात. तापून फुटेल, अशी भीती असते. भीती खरी, उपाय उलटा. हवा कमी असली की टायर जमिनीवर बसतो, त्याची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि सरळ होते. अल्टोचा तो टायर एका किलोमीटरला सुमारे ५९० फेरे घेतो. दर्यापूरहून म्हैसांगमार्गे अकोला गाठेपर्यंत हजारो वेळा दुमडून ती भिंत आतून तापते, धागे सुटतात, आणि मग टायर फुटतो. चालताना हवेचा दाब चार-पाच पाउंड वाढतो, तो बनवणाऱ्यानं गृहीत धरलेला असतो.

तेव्हा हवा भरायची ती सकाळी, गाडी फिरण्याआधी, टायर थंड असताना. पंप लांब असेल तर सावकाश जा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दारापाशी चिकटवलेलं असतं. पाच माणसं आणि सामान असेल तर मागच्या चाकांचा आकडा कधी वेगळा असतो, तोही पाहा.

टायर घासला की नाही हेही बसल्या बसल्या पाहता येतं. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचा. आणि नवा घेताना बाजूवरचे चार आकडे वाचून घ्या : २३२४ असतील तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो तयार झाला.

हवा भरताना स्टेपनी विसरू नका. बाभळीचा काटा लागतो तेव्हाच तिची आठवण होते, आणि ती बसलेली निघते. डिकीत तिच्याशेजारी हातभर लांबीची जाड फळीही टाकून ठेवा. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, गाडी उचलत नाही. फळी खाली ठेवली की उचलते.