लाल ओळ वाचायची कशी?



तुमच्यापैकी कुणाची मुलगी, भाची, नणंद किंवा कदाचित तुम्ही स्वतः संगणकावर छोटासा गेम तयार करायला शिकत असाल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. आम्ही दर शनिवारी मुलींचा संगणक वर्ग घेतो. पहिले दोन दिवस मजेचे असतात. पडद्यावर बाहुली येते, उजवीकडे-डावीकडे पळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगी स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिते आणि खालच्या चौकटीत लाल अक्षरं उमटतात. वर्ग सोडून गेलेल्या मुली आठवल्या, तर बऱ्याच जणी नेमक्या इथेच थांबल्या. ‘मला नाही जमत’ म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या. घरी आई म्हणते, मला त्यातलं काय कळतंय? खरं तर ती लाल ओळ मोठ्याने वाचून दाखवायला आईला कोडिंग यावं लागत नाही. आणि निम्मं काम तिथेच होतं.

आम्ही गोडो नावाचं साधन वापरतो. हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी ते सुरू केलं आणि २०१४ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे, बेताच्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा शिकायला सोपी आहे. म्हणून आजची उदाहरणं त्यातलीच.

लाल ओळीत तीन गोष्टी असतात. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि एक इंग्रजी वाक्य. मुली ते वाक्य बघतच नाहीत. लाल रंग दिसला की थेट सगळं पुसायला घेतात. मराठी माध्यमातल्या मुलींना इंग्रजीची धास्ती वाटते हे खरं, पण ही वाक्यं मोजकीच असतात आणि तीच तीच येतात. वहीच्या शेवटच्या पानावर ती मराठीत अर्थासह लिहून ठेवायला आम्ही सांगतो. ‘आयडेंटिफायर नॉट डिक्लेअर्ड’ म्हणजे हे नाव मला माहीत नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. वर स्पीड लिहिताना दोन ई असतात, खाली तीन पडतात. ‘एक्स्पेक्टेड इंडेंटेड ब्लॉक’ म्हणजे इफच्या खालची ओळ आत सरकवलेली नाही. आपण वहीत समास सोडतो ना, तसा या भाषेत समासालाही अर्थ असतो. इफच्या पोटातली ओळ एक टॅब आत हवी. एका ओळीला टॅब आणि दुसरीला स्पेसबार असं केलं तर डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण गोडो अडून बसतो. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या ओळींत हे हमखास होतं.

एकदम दहा लाल ओळी आल्या तरी घाबरायचं नाही. सगळ्यात वरची एकच दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवून बघायचं. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. आणि क्रमांक दिलेल्या ओळीत काही सापडलं नाही, तर तिच्या वरची ओळ बघायची. विणताना टाका एका ओळीत सुटतो आणि भोक पुढे कुठेतरी दिसतं, तसंच हे. कंस बंद करायचा राहिला असेल तर गोडो पुढच्या ओळीपर्यंत त्याची वाट बघतो आणि मग तिथे ओरडतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. मुलगी व्हिडिओ बघून शब्दन् शब्द तसाच उतरवते, तरीही चालत नाही. मग तिला वाटतं, समोरच्याचं चालतं म्हणजे माझ्यातच काही खोट आहे. अशा वेळी आधी व्हिडिओची तारीख बघा. गोडोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि तिने बरीच नावं बदलली. पूर्वी खेळाडूच्या बाहुलीसाठी कायनेमॅटिकबॉडी-टूडी वापरायचे, आता कॅरॅक्टरबॉडी-टूडी. पूर्वी मूव्ह-अँड-स्लाइडच्या कंसात वेग लिहायचा असे, आता तो कंस रिकामा ठेवायचा आणि वेग आधी व्हेलॉसिटीमध्ये भरायचा. जुन्या पद्धतीने लिहिलं की ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ असं उत्तर येतं, म्हणजे कंसात नको ते भरलंय. एक्स्पोर्ट आणि ऑनरेडी या शब्दांआधी आता ॲटचं चिन्ह लागतं. यील्डच्या जागी अवेट आलं. संगणक घरात एकच, तोही भावाचा अभ्यास आणि बाबांचं काम आटोपल्यावर तासभर मिळणार. तो तास जुन्या व्हिडिओपायी जाऊ नये, म्हणून पहिल्याच दिवशी आपली आवृत्ती कोणती ते कागदावर लिहून संगणकाला चिकटवा. हल्ली मुली चॅटबॉटलाही विचारतात. विचारू द्या, पण तिथेही आवृत्ती सांगूनच. नाहीतर तो जुनं-नवं एकत्र कालवून देतो आणि गुंता वाढतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ‘ऑन अ नल व्हॅल्यू’. नल म्हणजे रिकामं. तुम्ही कुणाला तरी हाक मारली आणि त्या पत्त्यावर कुणीच नव्हतं. गोडोत गेमचे सगळे भाग झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांखाली असतात आणि कोडमध्ये त्यांचा पत्ता लिहिलेला असतो. भागाचं नाव बदललं किंवा तो उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवला, की कोडमधला जुना पत्ता खोटा पडतो. कधी पत्ता बरोबर असतो, पण हाक फार लवकर मारलेली असते. पंगत बसायच्या आधीच वाढायला सुरुवात केली तर वाढणार कुणाच्या पानात? सगळे भाग जागेवर आल्यावरच शोध, असं ऑनरेडी सांगतं.

आम्हाला विचाराल तर लाल ओळ ही सोपी चूक. अवघड चूक ती, जिच्यात लाल काहीच येत नाही. गेम चालतो, पण वेड्यासारखा. एका मुलीने आंबे वेचण्याचा गेम केला होता. बाहुलीला शंभरपैकी सत्तर जीव शिल्लक असला तरी जीवाची पट्टी कायम रिकामी. तिने सत्तर भागिले शंभर लिहिलं होतं. दोन्ही पूर्णांक असले की जीडीस्क्रिप्ट उत्तरही पूर्णांकच देते, अपूर्णांक टाकून देते. म्हणून उत्तर शून्य. शंभरच्या पुढे टिंब आणि शून्य दिलं की ०.७ मिळतं. गोडो याबद्दल पिवळ्या रंगात सूचना देतो, पण पिवळ्याकडे बघतं कोण!

तसंच उडीचं. शाळेत आलेख काढताना वर म्हणजे अधिक असतं. इथे पडद्यावर वर जायचं म्हणजे उणे. गोडोच्या तयार नमुन्यात उडीचा वेग उणे ४०० दिलेला असतो. मुली भूमितीच्या सवयीने ते उणे काढून टाकतात आणि उडीचं बटण दाबलं तरी बाहुली जमिनीवरच.

वेगाची गोष्ट जरा नीट ऐका. प्रत्येक चित्राला बाहुली पाच ठिपके पुढे सरकव असं लिहिलं, तर सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर ती ३०० ठिपके जाते आणि १२० दाखवणाऱ्या पडद्यावर ६००. एकच गेम एका घरी चालतो, दुसऱ्या घरी पळतो. म्हणून वेगाला डेल्टाने, म्हणजे दोन चित्रांमधल्या वेळाने गुणायचं. पण मूव्ह-अँड-स्लाइड वापरत असाल तर गुणायचं नाही. ते काम ती आज्ञा आतल्या आत करते. दोनदा गुणलं की ३०० चे पाच होतात आणि बाहुली जागेवर खिळल्यासारखी दिसते.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. प्रिंट लिहून वेग खरंच किती आहे ते छापून बघा. एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पाटी कोरी. चाललेल्या गेमची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली की मोडतोड करायलाही जीव घाबरत नाही.

आणि गेम म्हणजे मुलग्यांचं खूळ, असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना कॅरोल शॉ यांचं नाव सांगा. १९८२ साली त्यांनी अटारीच्या यंत्रासाठी रिव्हर रेड हा गेम लिहिला, तोही अवघ्या चार किलोबाइटमध्ये. आपण फोनवर पाठवतो त्या सकाळच्या शुभेच्छांचं चित्रही त्याहून कितीतरी मोठं असतं.

शेवटची अडचण फोनवरची. विंडोजवर गेम छान चालतो, अँड्रॉइड फोनवर घातला की चित्र सापडत नाही म्हणून बंद पडतो. विंडोजला इंग्रजीतलं मोठं आणि छोटं अक्षर एकच वाटतं, फोनवर गेलेल्या गेममध्ये ती दोन वेगळी नावं ठरतात. फाइलचं नाव मोठ्या एमने आणि कोडमध्ये छोट्या एमने मँगो लिहिलेलं असेल, तर आंबा फोनवर दिसणारच नाही. म्हणून सगळ्या फाइलींची नावं पहिल्यापासून छोट्या अक्षरांत ठेवा, आणि दोन शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता खालची रेघ द्या. आधीची नावं बदलायची असतील तर विंडोजच्या फोल्डरमधून बदलू नका, गोडोच्या आतून बदला, म्हणजे सीनमध्ये जोडलेली चित्रं तुटत नाहीत. कोडमध्ये हाताने लिहिलेलं नाव मात्र आपलं आपणच तपासायचं.