आधी माती, मग पाटी



आज लहान लेकरांविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची लेकरं.

पण आधी एक विचारते. वर्गात तुम्ही पहिल्यांदा पेन्सिल धरली, तो दिवस आठवा. खुरपं धरणारा हात, नांगर धरणारा हात. पण इवलीशी पेन्सिल काही केल्या वळेना. बोटं दुखली. अक्षर वाकडं गेलं. मोठ्या माणसाचं असं होतं, मग तीन वर्षांच्या पोराचं काय होत असेल? त्याच्या मनगटाची हाडं अजून कोवळी असतात. बोटांत जोर नसतो.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझा मुलगा तीन वर्षांचा झाला आणि मी त्याच्यापुढं पाटी ठेवली. हात धरून 'अ' गिरवायला लावला. पाटी दिसली की तो खाटेखाली लपायचा. एक दिवस मी त्याला चापट मारली. तो रडत परसात गेला. तिथं सासूबाई पोळ्यासाठी मातीचे बैल करत होत्या. त्यांनी मातीचा एक गोळा त्याच्या हातात दिला. तासभर पोरगं जागचं हललं नाही. बैल कसला, नुसता गोळा आणि दोन शिंगं! पण ती शिंगं त्यानं चिमटीत धरून ओढून काढली होती.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, ज्या चिमटीनं शिंग काढलं, त्याच चिमटीनं उद्या पेन्सिल धरील. घाई कशाला?"

मी पाटी उचलून फळीवर ठेवली. दोन वर्षांनी ती त्यानं आपणहून मागितली.

सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पण हीच गोष्ट ताराबाई मोडक यांनी शाळेत करून दाखवली. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. शहरातल्या बालशाळेची साधनं महाग. खेड्यात ती कोण घेणार? म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीवरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढं १९७५ साली सरकारनं बालविकासाची योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

आता घरी काय करायचं ते सांगते. पैसा लागत नाही.

पहिली माती. चिकणमाती चाळून घ्या. खडे काढा. पाणी घालून कणकेसारखी मळा आणि लेकराला द्या. ते गोळे करील, वळ्या करील, चूल करील, पणती करील. जवळ बसून बोला. "बैलाला पाय किती? शिंगं किती? शेपूट कुठं गेली?" असं बोलता बोलता मूल मोजायला शिकतं. नवे शब्द शिकतं.

दुसऱ्या बिया. चिंचोके आणि वालाचे दाणे एका सुपात मिसळा. वेगवेगळे करायला सांगा. लहान कोणता, मोठा कोणता, काळा कोणता, हे डोळा ओळखतो आणि बोटं निवडतात. पण एक सांभाळा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बिया देऊ नका. ते नाकात घालतं, गिळतं, घशात अडकतं. मोठं मूल खेळतानाही जवळ बसा. गुंजा, एरंडी आणि धोतऱ्याचं बी तर कोणाच्याच हाती नको. ती विषारी आहेत.

तिसरी ओवणी. जाड दोऱ्यात झेंडूची फुलं ओवायला द्या. सुई तुमच्या हातात, फूल त्याच्या हातात. पाच वर्षांचं मूल जोंधळ्याच्या धाटाची बैलगाडीसुद्धा करतं. धाटाची साल मात्र तुम्ही सोला. तिला धार असते.

चौथी धूळ. आपले पूर्वज धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवत. ताटात बारीक वाळू पसरा. मूल बोटानं रेघ काढील, गोल काढील, पुसून पुन्हा काढील. चुकलं तरी काही बिघडत नाही. त्यातूनच एक दिवस अक्षर उमटतं.

भाऊ लोकांनाही सांगते. हे काम एकट्या आईचं नाही. शेतावरून येताना धाटाची दोन कांडकी आणा. पाच मिनिटं पोरापाशी बसा. हातात मोबाईल देऊन पोराला गप्प बसवणं सोपं असतं. पण मोबाईलवर बोट नुसतं फिरतं. माती मळताना बोटात बळ येतं.

पोरगं मातीनं माखून आलं तर मारू नका. हात धुवा, नखं काढा आणि विचारा, "आज काय केलंस?" त्यानं वाकडा बैल दाखवला तर तो कोनाड्यात ठेवा, चार माणसांना दिसेल असा. आपल्या हातून काही घडतं, हे त्याला तिथं कळतं. असं मूल पुढं पाटीला भीत नाही.