मऊ आमिषाचा रंग

सावंतवाडीचा कारागीर लाकडी फळावर रंग चढवतो, तो सुकू देतो आणि वरून रोगण फिरवतो. त्याचे काम तेथे संपते. गळाला लावायचे कृत्रिम आमिष घरी तयार करणाऱ्या हौशी मासेमारालाही प्रथम आपले काम इतकेच सरळ वाटते. आमिषाचे डोके लाकडाचे असेल, तर तसा अनुभवही येतो. परंतु त्याच डोक्याला जोडलेली मऊ प्लॅस्टिकची शेपटी त्याच एनॅमलने रंगवली, तर कित्येक दिवस उलटले तरी रंग बोटाला चिकटत राहतो. आणि सुकलाच, तर शेपटी वळवळू लागताच त्याचे पोपडे सुटतात. हा दोष हाताचा नव्हे; तो त्या पदार्थाच्या स्वभावातच आहे.

हा पदार्थ फार जुना नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन येथे राहणारे निक क्रीम यांनी 1949 च्या सुमारास पत्नीच्या साहाय्याने घरच्या स्वयंपाकघरात व्हायनिल प्लॅस्टिकचे गांडूळ ओतले आणि या आमिषाचा प्रसार तेथून झाला. व्हायनिलची बारीक पूड एका विशिष्ट तेलकट द्रवात कालवली म्हणजे दुधासारखे मिश्रण होते. ते सुमारे 175 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की आधी दाटते, मग नितळ होते, आणि साच्यात ओतून निवल्यावर मांसल व लवचिक वस्तू हाती येते. हा मऊपणा त्या तेलाचा आहे. परंतु ते तेल आत स्वस्थ बसत नाही. ते हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपते, वरच्या परक्या रंगात शिरते आणि त्याला सुकू देत नाही. पाण्यात कालवलेला रंग तर त्या तेलकट अंगावर धड पकडच घेत नाही.

यास्तव पहिला नियम असा की, रंग शक्यतो वरून न देता मिश्रणातच मिसळावा. लहान माशाची पाठ गडद व पोट फिके असते. हे दोन रंग साधण्यासाठी एक थर ओतून तो गरम असतानाच दुसरा ओततात, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. बारकाव्यांचा फार हव्यास धरण्याचे कारण नाही. पाण्याच्या खोलीबरोबर तांबडा रंग सर्वांत आधी मावळतो आणि गढूळ पाण्यात उजेड-अंधाराचा भेदच तेवढा उरतो. कोकणातला जिताडा, गोव्यातला चोणक आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडी हा एकच मासा होय. ऑस्ट्रेलियात त्याच्यासाठी अशी मऊ आमिषे सर्रास वापरतात. तेथील गढूळ खाड्यांत ठळक छायाकृती व शेपटीची हालचाल यांचे मोल खवल्यांच्या नक्षीहून अधिक.

ठिपके, पट्टे, डोळे मात्र वरूनच काढावे लागतात. त्यासाठी व्हायनिलच्याच जातीचा रंग हवा. त्यातील तीव्र द्रावक पृष्ठभाग किंचित विरघळवतो व रंग तेथे मुरतो. त्यापूर्वी आमिष स्पिरिटने पुसून तेलाचा ओशटपणा काढावा. अभ्रकाची चकाकती भुकटीही कोरड्या कुंचल्याने चोळता येते. शेवटी आमिष तापवलेल्या नितळ मिश्रणात बुडवून लगेच वर काढावे, म्हणजे रंगावर त्याच पदार्थाचे कवच बसते. येथे क्षणाचा विलंब झाला, तरी शेपटीचे पातळ टोक वितळते.

या कामात जपायचे ते प्रथम स्वतःच्या जिवाला. मिश्रण प्रमाणाबाहेर तापले तर ते पिवळे पडून करपते व त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. पाण्याचा एक थेंब पडला तरी उकळता रस अंगावर उडतो. म्हणून काम उघड्या हवेत, कोरड्या भांड्यांनी, डोळ्यांना चष्मा व हातांत मोजे घालून करावे. आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत.

तयार आमिषही तेलाचा स्वभाव सोडत नाही. गडद व फिकी आमिषे एकत्र ठेवली तर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो. पॉलिस्टिरीनच्या कडक डबीत ठेवली तर डबीच विरघळू लागते. पॉलिएथिलीनची पिशवी त्यांना मानवते. लाकडी डोक्याचा रंगही शेपटीच्या स्पर्शाने चिकट होतो, म्हणून मासेमारी आटोपताच शेपटी काढून वेगळी ठेवावी.

आणि फाटलेली शेपटी पाण्यात टाकू नये. ती गांडुळासारखी कुजत नाही. मासा ती गिळतो, पण पचवू शकत नाही. तो तुकडा खिशात घालून घरी आणावा. रंगात नवा रंग मिसळलेला चालत असेल, तर तो पुन्हा वितळवून साच्यात ओतता येतो.