लाखोळीची डाळ

साकोली तालुक्यांतील एकोडीच्या परिसरांत जेवण म्हणजे प्रथम भात. धानकापणीपूर्वीं, बांधींतील ओल जिरण्याच्या आंत, उभ्या पिकांत लाखोळीचें बीं फेकावयाचें, ही भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यांतील जुनी रीत आहे. ना नांगरट, ना पाण्याची पाळी. धान निघून जातें आणि त्याच ओलीवर हें कडधान्य वाढतें. कोंवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते. हिच्यांत चतुर्थांशाहून अधिक प्रथिन असतें. गरिबाच्या भाताला इतकी स्वस्त जोड दुसरी क्वचितच मिळेल.

तथापि हिचें नांव निघतांच शहरांतील गृहिणी दचकते, आणि तें उगीच नव्हे. सागरकडे या लाखोळीला तिवडा म्हणतात. तेथें 1829 सालीं गारपिटीनें, 1830 सालीं अवर्षणानें व 1831 सालीं रोगानें गहूं बुडाला. तिवडा तेवढा तगला. लोक तोच खाऊन राहिले. 1833 सालीं तिशीच्या आंतील माणसांचे पाय कंबरेखालीं लुळे पडूं लागल्याचें स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें लिहून ठेविलें आहे. या रोगांत बुद्धि शाबूत राहते, हातही बहुधा चालतात. पाय मात्र ताठरतात, रोगी चवड्यांवर काठी टेकीत चालतो, आणि विकार बळावल्यास त्याला सरपटावें लागतें. गेलेले पाय औषधानें परत येत नाहींत.

यास कारण होणारें अम्ल भारतीय संशोधकांनीं 1964 सालीं वेगळें काढून दाखविलें. आठवड्यांतून एखाद्या वेळीं, इतर अन्नाबरोबर खाल्लेल्या डाळीनें माणूस सहसा पांगळा होत नाहीं. महिनेच्या महिने तीच मुख्य अन्न झाली म्हणजे घात होतो. दुष्काळांत गरिबाला निवड कोठून असणार?

केंद्राच्या अन्नभेसळविषयक नियमांनीं 1961 सालीं हिच्या विक्रीस बंदी केली. पण असा नियम दुकानापुरता. ज्याच्या बांधींत ती पिकते त्याच्या चुलीपर्यंत तो कसा पोंचणार? शिवाय तुरीच्या डाळींत व बेसनांत लाखोळी मिसळण्याची लबाडी व्यापाऱ्यांना ठाऊक आहेच. शहरांतील घरांनीं चणाडाळ आणून ती डोळ्यांदेखत दळवून घ्यावी, हें बरें.

चुलीपाशीं उपयोगी पडेल अशी गोष्ट साधी आहे. तें अम्ल पाण्यांत विरघळतें. डाळ कढत पाण्यांत कांहीं तास भिजवावी, तें पाणी फेकून द्यावें, मग नव्या पाण्यांत शिजवून तेंही ओतून टाकावें. विषाचा पुष्कळ भाग निघून जातो. थोडें सत्त्वही जातें खरें, पण पायांपुढें त्याची काय किंमत? ताटांत तूर, मूग, पालेभाजी आणि चालत असेल त्या घरीं तलावांतील मासळी यांची पाळी लावावी. रायपूरच्या कृषि विद्यापीठानें ‘महातिवडा’ हें अल्पविष वाण काढलें आहे. बियाणें घेतांना एकोडीच्या शेतकऱ्यानें त्याची चौकशी करावी.