कारणांचा वाद आणि आपला दवाखाना

(उत्तर अमेरिकेतील मराठी डॉक्टरांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



कार्यकारिणीने मला अध्यक्षपद दिलं तेव्हा बालमानसोपचाराबद्दल काही सांगा, अशी सूचना केली होती. मी त्याच विषयावर बोलणार आहे. पण अमेरिकेत त्या विषयाची वाट बंदुकीवरून जाते, आणि ते टाळून बोलणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. इथे बसलेल्या बहुतेकांच्या मुलांनी शाळेत लॉकडाउनचा सराव केला आहे. दिवे बंद करायचे, दार लावायचं, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात गप्प बसायचं. बालवाडीतल्या मुलांनाही ते शिकवतात.

मोठा गोळीबार झाला की दुसऱ्या दिवसापासून कारणांचा शोध सुरू होतो. मारणारा मनोरुग्ण होता का? व्हिडिओ गेम खेळत होता का? घरात बाप होता का? शाळेत त्याला छळत होते का? बंदूक कुठून आली, हा प्रश्नही निघतो, पण तो काढणाऱ्याला लगेच एका राजकीय पक्षात ढकललं जातं. मग वाहिन्या आपल्यापैकी कोणाला तरी बोलावतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, त्याच्या डोक्यात काय चाललं असेल?’

आज मला या प्रश्नाविषयी बोलायचं आहे. तो आपल्याला विचारला जातो आणि आपण त्याचं उत्तर देत बसतो, त्यातून फार नुकसान झालं आहे.

१ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या मनोऱ्यावर चढून एका विद्यार्थ्याने खालून जाणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. आदल्या रात्री त्याने आईला आणि बायकोला मारलं होतं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की माझं शवविच्छेदन करा, मेंदूत काही बिघाड आहे का ते पाहा. विच्छेदनात खरोखरच ट्यूमर सापडला. राज्यपालांनी तज्ज्ञांची समिती नेमली. त्या ट्यूमरचा कृत्याशी नेमका संबंध लावता येत नाही, असं समितीने स्पष्ट लिहिलं. तरीही आज साठ वर्षांनी लोकांच्या आठवणीत राहिला तो ट्यूमरच. दोन गोष्टी मात्र विसरल्या गेल्या. काही महिने आधी तो विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता आणि मनोऱ्यावरून माणसं मारण्याचे विचार येतात, हे त्याने तिथे बोलून दाखवलं होतं. आणि त्याच्याजवळच्या हत्यारांपैकी काही त्याने गोळीबाराच्याच सकाळी दुकानांतून विकत घेतली होती.

मारणाऱ्यांची नावं मी आज एकदाही घेणार नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली तेव्हा तिथल्या त्या वेळच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत तसं ठरवून सांगितलं होतं, आणि वैद्यक म्हणूनही मला ते पटतं. कोलंबाइन शाळेतल्या दोघा मारेकऱ्यांची चित्रं आणि लेखन जगभर पसरलं, आणि नंतरच्या कित्येक मारेकऱ्यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला.

कोलंबाइनबद्दल थोडं अधिक बोलते. २० एप्रिल १९९९ ला डेन्व्हरजवळच्या या शाळेत बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. पुढच्या काही दिवसांतच देशाने कारण ठरवून टाकलं: काळे लांब कोट घालणाऱ्या एकलकोंड्या मुलांची टोळी, खेळाडूंनी केलेला छळ, ‘डूम’ नावाचा गेम, कर्कश संगीत. पत्रकार डेव्ह कलेन यांनी दहा वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकातून यातलं बरंचसं खोटं किंवा अर्धवट निघालं. मुळात तो बेत गोळीबाराचा नव्हताच. उपाहारगृहात त्यांनी प्रोपेनचे मोठे बॉम्ब ठेवले होते, ते फुटले नाहीत. फुटले असते तर शेकडो मुलं गेली असती.

गेमवर ठपका ठेवण्याआधी आपल्या व्यवसायाने कॉमिकवर ठेवला होता. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये कॉमिकमुळे मुलं गुन्हेगार होतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. सिनेटसमोर सुनावणी झाली, प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियम लादून घेतले. वर्थम वाईट माणूस नव्हते. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला होता, आणि वर्णभेदी शाळांमुळे मुलांचं काय होतं याची साक्ष न्यायालयात दिली होती. पण त्यांची कागदपत्रं खुली झाल्यावर कॅरोल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिलं की मुलांच्या नोंदी त्यांनी आपल्या मताला जुळतील अशा वाकवल्या होत्या. मुलांबद्दल खरी कळकळ असलेला डॉक्टरही कारण आधी ठरवून मग पुरावा गोळा करू लागला, तर असं होतं. गेमचं म्हणाल तर जपान आणि दक्षिण कोरियातली मुलं काही कमी खेळत नाहीत. तिथे बंदुकीने मरणारी माणसं मात्र अगदी थोडी.

आता आपल्या समाजाच्या आवडत्या निदानाकडे येते. प्रत्येक घटनेनंतर आपल्या गटांवर मजकूर फिरू लागतो की इथे कुटुंबव्यवस्था मोडली आहे, मुलांवर संस्कार नाहीत. हे मराठीत लिहिणाऱ्यांना वाटतं की ही आग शेजारच्या घरात आहे. मित्रहो, घटस्फोट कॅनडात होतात, ब्रिटनमध्ये होतात, स्वीडनमध्येही होतात. लास वेगासला १ ऑक्टोबर २०१७ ला संगीताच्या मैफलीवर गोळ्या चालवणारा ६४ वर्षांचा सधन माणूस होता. एफबीआयच्या वर्तनतज्ज्ञांनी वर्षभर खणून अखेर सांगितलं की एकच एक स्पष्ट हेतू सापडत नाही. आणि हे घर शेजारचं नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला जे ३२ जण गेले त्यांत तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात माणसं मारली गेली.

राहतं ते मनोविकाराचं कारण. ते सर्वांना सोयीचं असतं, कारण त्यात कोणालाच काही सोडावं लागत नाही. ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन यांनी हा प्रश्न आयुष्यभर अभ्यासला. त्यांच्या हिशेबानुसार सगळे गंभीर मनोविकार उद्या नाहीसे झाले, तरी समाजातली हिंसा सुमारे चार टक्क्यांनीच कमी होईल. उरलेली शहाण्णव टक्के जिथल्या तिथे राहील. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण मारणारा होण्यापेक्षा मार खाणारा होण्याची शक्यता जास्त असते, हे आपल्यातला प्रत्येक जण रोज पाहतो. तरी एखादा पुढारी ‘हा मनोविकाराचा प्रश्न आहे’ म्हणून निघून जातो तेव्हा आपण गप्प बसतो. त्या एका वाक्याने किती आयांनी मुलाला डॉक्टरकडे न्यायचं टाळलं असेल! आपल्या मराठी घरांत तर आधीच ‘लोक काय म्हणतील’ची कडी दाराला लावलेली असते.

कारणाआधी साधन पाहायचं, हे मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करताना शिकले. फवारणीच्या हंगामात रात्रीच्या ड्यूटीला ‘औषध पिलंय’ म्हणत लोक माणसाला खांद्यावर घालून आणायचे. ॲट्रोपिन द्यायचं, बाहुल्या पाहायच्या, छाती ऐकायची, पुन्हा ॲट्रोपिन. वाचलेले लोक शुद्धीवर आल्यावर जे सांगायचे, ते ऐकून मी मानसोपचाराकडे वळले. कर्ज होतं, पाऊस नव्हता, घरात भांडण झालं होतं, हे सगळं खरं होतं. पण निर्णय बहुतेकांनी तासाभरात घेतला होता, आणि कीटकनाशकाचा डबा घरातच, कोनाड्यात होता. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ सत्तर टक्क्यांनी उतरलं. श्रीलंकेच्या शेतकऱ्याचं कर्ज काही त्या बंदीने फिटलं नव्हतं. कर्जाचा प्रश्न वेगळा सोडवायचा असतो, आणि तो सुटेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा असतो.

अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, २७ हजारांवर, आत्महत्या होत्या. ज्या सामूहिक गोळीबारांवर आपण आठवडेच्या आठवडे वाद घालतो त्यांचा वाटा एकूण मृत्यूंत एक टक्क्याच्या आसपास आहे. आणि विष घेतलेल्यांतले पुष्कळ जण वाचतात, बंदूक स्वतःवर चालवणाऱ्या दहांतले नऊ जण दगावतात. २०२० मध्ये एक ते एकोणीस वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक झालं, मोटार अपघातांना मागे टाकून. बालरोगाच्या पाठ्यपुस्तकात ज्या गोष्टीला पहिलं प्रकरण मिळायला हवं, तिच्याबद्दल आपण विद्यार्थ्यांना किती शिकवतो?

‘हिंसा वाढली’ हेही जपून म्हणायला हवं. इथले खून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शिगेला पोचले, मग दोन दशकं घटत गेले, २०२० मध्ये एका वर्षात जवळजवळ तीस टक्क्यांनी उसळले आणि नंतर पुन्हा उतरले.

आकडे तरी आपल्या हाती नीट का नसावेत? त्यामागे एक कायदा आहे. घरात बंदूक असली की त्या घरात खून होण्याचा धोका वाढतो, असा आर्थर केलरमन यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला पैसा सीडीसीचा, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा होता. १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अर्थसंकल्पात एक ओळ घातली की सीडीसीचा पैसा बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला वापरता येणार नाही, आणि या संशोधनावर खर्च होत होते तितके, २६ लाख डॉलर कापले. अभ्यासावर बंदी नव्हती, पण भीती पुरेशी होती. वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी पैशाने होणारं हे संशोधन जवळजवळ थांबलं. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते त्या जे डिकी यांनीच २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिलं की संशोधन व्हायला हवं. त्यांच्याबरोबर ते लिहिणारे मार्क रोझेनबर्ग हे त्या काळी सीडीसीत हेच काम चालवणारे, म्हणजे एके काळचे त्यांचे विरोधक. या दोघांच्या मैत्रीबद्दल मला फार आदर आहे. पैसा पुन्हा मिळाला तो २०२० च्या अर्थसंकल्पात, अडीच कोटी डॉलर. मोटार अपघातांवर या देशाने मोजून, तपासून, पट्टे आणि रस्ते बदलून हजारो जीव वाचवले. ‘चालकाच्या मनात काय होतं’ एवढंच विचारत बसला असता तर वाचवले नसते.

आपल्या कामाचं जे संशोधन झालं आहे ते मात्र वापरू या. सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० मधले शाळांतले ३७ हल्ले तपासले. हल्लेखोराचा ठरावीक साचा त्यांना सापडला नाही. सापडलं ते असं: दहांतल्या आठ प्रसंगी कोणाला तरी, बहुधा बरोबरीच्या मुलाला, आधी माहीत होतं. बहुतेक हल्लेखोरांच्या मनात आधीपासून आत्महत्येचे विचार होते. आणि दोन तृतीयांशांहून अधिक प्रसंगी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून आली होती.

३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावी त्याचाच प्रत्यय आला. एका मुलाच्या गणिताच्या कागदावरची चित्रं पाहून शाळेने त्या सकाळी आईवडिलांना बोलावलं. चारच दिवसांपूर्वी वडिलांनी पिस्तूल आणलं होतं. दप्तर कोणीच उघडून पाहिलं नाही. मुलगा वर्गात परत गेला, आणि चार विद्यार्थी मेले. २०२४ मध्ये दोन्ही पालक सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले. शाळेतल्या गोळीबारासाठी पालकांना अशी शिक्षा होण्याची या देशातली ही पहिली वेळ. त्या खोलीत माणसं काळजीनेच बसली होती. फक्त ‘घरात बंदूक आहे का आणि ती आत्ता कुठे आहे’, एवढं कोणी विचारलं नाही.

हे विचारण्याचा आपला हक्क फुकट मिळालेला नाही. फ्लोरिडाने २०११ मध्ये कायदा करून डॉक्टरांना बंदुकीबद्दल विचारण्यापासून रोखलं. डॉक्टर न्यायालयात गेले, आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्या कायद्याचा गाभा रद्द केला. २०१८ मध्ये बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनने डॉक्टरांना आपल्या पायरीने राहायला सांगितलं तेव्हा ट्रॉमा सर्जननी रक्ताने भरलेल्या आपल्या गणवेशांची छायाचित्रं प्रसिद्ध करून उत्तर दिलं. आता प्रश्न आपण विचारतो की नाही, एवढाच उरला आहे. आणि भारतीय घरात हा प्रश्न लागू नाही असं समजू नका. २०२० नंतर माझ्याकडे येणाऱ्या काही मराठी घरांतही कपाटात पिस्तूल आलं आहे. ‘सुरक्षेसाठी, मॅडम,’ असं वडील सांगतात. शेजारच्या खोलीत पंधरा वर्षांचं, न जेवणारं मूल असतं.

कार्यकारिणीपुढे मी दोन ठराव ठेवले आहेत, दुपारच्या सत्रात त्यांवर मतदान होईल. आपल्या सभासदांच्या दवाखान्यात नव्या रुग्णाच्या माहितीपत्रकात घरातल्या बंदुकीचा आणि ती कुलपात आहे का याचा प्रश्न असावा, आणि नैराश्यातल्या रुग्णाच्या कुटुंबाला ती काही काळ घराबाहेर कशी ठेवता येईल हे आपण समजावून सांगावं, हा पहिला. गोळीबारानंतर न तपासलेल्या माणसाचं निदान आपल्यातल्या कोणी वाहिनीवर करू नये, हा दुसरा. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचा १९७३ चा तसा नियम आहेच, पण तो सार्वजनिक व्यक्तींपुरता सांगितला जातो. आपण तो मारेकऱ्यांनाही लावू या. वाहिनीचा फोन आला तर जरूर जा, आणि तिथे बसून बंदूक कोणाच्या कपाटातून आली, ते आधी विचारा.