दिवाणखान्यातून रस्त्यावर

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



हवामानबदल हा शब्द कानी पडला की डोळ्यांसमोर वितळणारे हिमनग आणि जागतिक परिषदा उभ्या राहतात. हे आपल्या आवाक्याबाहेरचे, असे म्हणून गृहस्थ आपल्या संसाराला लागतो. या समजुतीला छेद देणारे काम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील मातांनी उभे केले.

त्याचे मूळ एका पिता-पुत्रीच्या कथेत आहे. २३ जून १९८८ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी पृथ्वी तापत असल्याची साक्ष दिली. ही सुनावणी घडवून आणण्यात कोलोराडोचे सिनेटर टिम वर्थ यांचा पुढाकार होता. त्यानंतर पंचवीस वर्षांत परिषदा झाल्या, करार झाले, पण हवेतील कर्बवायू वाढतच राहिला. दरम्यान वर्थ यांची कन्या केल्सी यशस्वी उद्योजिका झाली, आई झाली. जे संसदेतून साधले नाही, ते घरातून साधता येईल का, या विचाराने तिने २०१३ मध्ये व्हेनेसा रूल यांच्यासह ‘मदर्स आउट फ्रंट’ ही संघटना स्थापन केली. नावाचा अर्थ, माता आघाडीवर.

कार्यपद्धती अगदी घरगुती होती. एखाद्या घरी शेजारच्या आया जमत. मुले खेळत असत, खाणेपिणे होई. प्रत्येक जण मुलांच्या भवितव्याविषयीची चिंता मोकळेपणाने बोलून दाखवी. मग प्रश्न येई : आपण इथे, आपल्या गावात काय करू शकतो?

उत्तर पायाखालीच होते. बॉस्टन परिसरातील कडाक्याच्या थंडीत असंख्य घरे नळाने येणाऱ्या वायूवर तापवली जातात. त्या जमिनीखालच्या नळांपैकी कित्येक बिडाचे, जुने आणि गळके. बॉस्टनच्या सुमारे १,२६० किलोमीटर रस्त्यांच्या पाहणीत संशोधकांना ३,३५६ ठिकाणी गळती आढळली. ही पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. हा वायू प्रामुख्याने मिथेन. वीस वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता अडवतो. मातीत साठला तर मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि रस्त्याकडेची झाडे वाळतात.

२०१४ च्या राज्य कायद्याने कंपन्यांना गळतीची वर्गवारी करून ती जाहीर करणे भाग पाडले. मात्र तिसऱ्या श्रेणीच्या गळतीत स्फोटाचा धोका नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकत होती. मातांनी नेमके तेच धरले. यादी हाती घेऊन त्या आपापल्या गल्लीत निघाल्या आणि गळतीच्या जागी फलक लावले. रोजच्या वाटेवर काय चालले आहे, हे लोकांना प्रथमच दिसले. नगरपरिषदांनी ठराव केले. २०१६ मध्ये कायदा सुधारला आणि पर्यावरणाची मोठी हानी करणारी गळती दुरुस्त करण्याचे बंधन आले.

पण मोठी गळती ओळखायची कशी? बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी शंभर गळत्या मोजल्या, तेव्हा निम्मा वायू अवघ्या सात टक्के ठिकाणांहून बाहेर पडत असल्याचे दिसले. त्या मोजक्या जागा शोधण्याची रीत ठरवण्यासाठी केंब्रिजची ‘हीट’ ही संस्था वायू कंपन्यांबरोबरच कामाला लागली. या संस्थेचा जन्मही श्रमदानातला. २००८ पासून तिचे स्वयंसेवक शेजाऱ्यांच्या घराच्या फटी बुजवत, जेणेकरून इंधन वाचावे. मातांच्या संघटनेतून आलेल्या झेनेब मगावी पुढे ‘हीट’च्या नेतृत्वात आल्या. गळके नळ बदलून पुन्हा वायूचेच नळ का घालावेत, हा प्रश्न तिथे पुढे आला. जमिनीखालून पाणी फिरवून भूगर्भातील स्थिर तापमानाच्या आधारे घरे उबदार वा थंड ठेवायची, ही कल्पना त्यातून आकाराला आली. २०२४ मध्ये फ्रॅमिंगहॅम येथे अशा जाळ्याने ३६ इमारती जोडल्या गेल्या. उभारणारी कंपनी वायू पुरवणारीच होती!

मॅसॅच्युसेट्समधील गळती अद्याप संपलेली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विरोध करताना संवाद तोडायचा नाही. घोषणेआधी मोजणी करायची. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलांच्या वाट्याला केवळ भीती ठेवायची नाही. जग बुडणार असे ऐकत वाढलेले मूल खचते. आईवडिलांबरोबर चार घरे फिरून आलेले मूल मात्र कर्तेपण शिकते. संस्कार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

शेजारणींना घरी जमवण्यासाठी आपल्याला नवा प्रघात पाडावा लागत नाही. हळदीकुंकू आहे, कोजागरी आहे, भिशीही आहे. त्याच बैठकीत एक विषय घ्यावा. पानगळीच्या दिवसांत वसाहतीत पालापाचोळा कुठे कुठे पेटवला जातो, हे मुलांनी आठवडाभर वहीत टिपावे. त्या धुराने आजोबांचा दमा वाढतो आणि झाडांचे खत वाया जाते, हे त्यांना समजावून सांगावे. मग मोठ्यांनी एका कोपऱ्यात खड्डा खणावा आणि झाडणाऱ्या मावशींना सन्मानाने बोलावून पाला त्यात टाकण्याची व्यवस्था लावावी. पुढच्या पावसाळ्यात त्याच खताने मुलांच्या हातून एक झाड लागले, तर त्या वहीचे सार्थक झाले.