घराला लय हवी



पहिले महायुद्ध संपून जेमतेम सहा महिने झाले होते. पराभवाने आणि टंचाईने खचलेल्या जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात, वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया नावाच्या सिगारेट कारखान्यात, एप्रिल १९१९ मध्ये कामगारांसमोर एक व्याख्यान झाले. वक्ते होते ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टाइनर. व्याख्यानानंतर कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांनी त्यांना गळ घातली की, या कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा उभारून द्यावी. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला ती शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी २५६ विद्यार्थी होते आणि त्यांपैकी बहुसंख्य कारखान्यातील कुटुंबांमधलेच होते. नाझी राजवटीने १९३८ साली ती बंद पाडली. युद्ध संपताच, १९४५ साली, ती पुन्हा उघडली. मुलांना स्वच्छ हवेत, मातीत आणि लाकडात वाढवू पाहणाऱ्या शिक्षणपद्धतीला सिगारेटच्या कारखान्याचे नाव कायमचे चिकटले, ही इतिहासाची एक गंमतच म्हणायची. आज मुंबईतही या पद्धतीच्या शाळा आहेत.

आजचा विषय मात्र शाळेचा नाही, घराचा आहे. आणि त्याला कारणही तसेच आहे. स्टाइनर यांचे निधन १९२५ साली झाले. त्यानंतरच्या वर्षी स्टुटगार्टच्या शाळेला जोडून एलिझाबेथ ग्रुनेलियस यांनी बालवर्ग सुरू केला. वॉल्डॉर्फ बालवर्गाचा नमुना वर्गखोलीचा नाही, तो नांदत्या घराचा आहे. तेथे फळा नसतो. शिक्षिका भाजी चिरते, पाव मळते, फाटलेले शिवते, अंगण झाडते आणि मुले तिच्या अवतीभोवती खेळतात. वाटले तर येऊन हात लावतात. म्हणजे शाळेने जे उसने घेतले ते घराकडून. आज शंभर वर्षांनंतर सुशिक्षित घरेच ते शाळेकडून परत मागत आहेत.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी स्टाइनर यांचे दोन विचार लक्षात घ्यावे लागतात. पहिला अनुकरणाचा. त्यांनी वाढीचे सात-सात वर्षांचे टप्पे कल्पिले. पहिल्या सात वर्षांत मूल उपदेशाने शिकत नाही; भोवतालची मोठी माणसे जे करतात, ज्या गतीने आणि ज्या मनःस्थितीत करतात, ते सारे ते अंगात मुरवून घेते. आई भांडी आदळत घासत असेल तर मूल भांडी घासणे शिकत नाही, आदळणे शिकते. दुसरा विचार लयीचा. श्वास आत घेतला जातो आणि बाहेर सोडला जातो, तसा मुलाचा दिवसही असावा, असे ही पद्धती सांगते. मोकळा खेळ, धावपळ, दंगा हा उच्छ्वास. गोष्ट ऐकणे, एकत्र जेवणे, निजणे हा श्वास. नुसतेच आत घेत राहिले किंवा नुसतेच सोडत राहिले तर जीव घुसमटतो. शाळा, तेथून शिकवणी, तेथून तबल्याचा वर्ग, तेथून गृहपाठ, असा ज्या मुलाचा दिवस जातो त्याला उच्छ्वासाला जागाच उरत नाही. मग रात्री दहा वाजता ते पलंगावर उड्या मारू लागते आणि घरचे म्हणतात, पोर हट्टी झाले आहे.

लय आणि वेळापत्रक यांत एक भेद आहे. वेळापत्रक घड्याळाकडे पाहते. लय क्रमाकडे पाहते. जेवण आठला झाले काय किंवा सव्वाआठला झाले काय, फार बिघडत नाही. मात्र जेवणानंतर दात घासणे, मग दिवा मंद होणे, मग गोष्ट, मग झोप, हा क्रम मोडता कामा नये. बहुसंख्य घरांत झोपेवरून रोज रात्री जे रण माजते, त्याचे मूळ असे की, तेथे तो निर्णय रोज नव्याने घेतला जातो. ‘आज थोडा वेळ जागू दे’ ही याचना एकदा मान्य झाली की, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दाखल होते. क्रम ठरलेला असला की हुकूम देण्याची गरजच उरत नाही. दिवा मंद झाला की पुढचे मुलाला ठाऊक असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी आणि पडद्यासमोर ते तासाभरापेक्षा अधिक बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. नऊनंतर मालिका चालू असलेल्या दिवाणखान्यात हे दोन्ही कसे साधायचे, हा प्रश्न ज्या त्या घराने स्वतःला विचारावा.

येथे सभागृहातून एक आक्षेप हमखास येतो : हे सारे आपल्याकडे होतेच की! तिन्हीसांजेला दिवेलागण, परवचा, आजीची गोष्ट, वारांचे उपवास, ऋतूंचे सण. आक्षेप खोटा नाही. वॉल्डॉर्फ बालवर्गांत आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक धान्य नेमून देण्याची प्रथा आहे : सोमवारी तांदूळ, मंगळवारी जव, शनिवारी मका. वाराचे नाव मुलाला जिभेने कळावे, ही त्यामागची कल्पना. गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीचा वास आला की वार ओळखणाऱ्या मराठी मुलाला ती समजावून सांगावी लागणार नाही. ११ नोव्हेंबरला, दिवस लहान होत असताना, तेथील मुले हाताने केलेले कागदी कंदील घेऊन अंधारात फिरतात. येथे त्याच सुमारास आकाशकंदील लागलेला असतो. आणि दिवाळीचा किल्ला तर साऱ्या वॉल्डॉर्फ शिक्षकांना बोलावून दाखवावा असा आहे. माती, दगड, फाटके पोते आणि वर पेरलेले अळीव. हातात तयार आकार कोणीही दिलेला नाही. आकार मुलाने द्यायचा आहे. दुर्दैवाने आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्लाही बाजारात मिळतो.

परंतु ‘होतेच की’ म्हणून समाधान मानणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. ती जुनी लय कोणाच्या बळावर चालत होती? पहाटे सर्वांच्या आधी उठणाऱ्या आणि रात्री सर्वांच्या नंतर आडव्या होणाऱ्या बाईच्या. एकत्र कुटुंबात ते ओझे चार जावा-सासवांत वाटले तरी जात असे. आज दोन खोल्यांच्या घरात, सव्वासातची लोकल पकडून नोकरीला जाणाऱ्या आईने एकटीने ती लय पुन्हा उभी करावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे संस्काराच्या नावाखाली वेठबिगार मागणे होय. शिवाय स्टाइनर यांचाच नियम लावला तर त्या घरातील मूल काय पाहते? एक माणूस राबतो आणि दुसरा वर्तमानपत्र वाचतो, हे. मुलगा असो वा मुलगी, अनुकरण त्याचेच होणार. म्हणून लय आणायची असेल तर पहिला बदल पुरुषाच्या दिनक्रमात व्हावा लागतो. रात्रीची गोष्ट वडिलांनी सांगावी. ती रोज नवी असण्याची गरज नाही. वॉल्डॉर्फ बालवर्गात एकच गोष्ट अनेक दिवस, त्याच शब्दांत सांगतात. मुलांना कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो सांगणाऱ्याला.

कामांचेही तसेच. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, कणकेचा गोळा मळणे, रुमालाच्या घड्या घालणे ही पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला झेपणारी कामे आहेत. त्यांना दुप्पट वेळ लागतो आणि अर्ध्या शेंगा खाली सांडतात. रोज ते शक्य नसेल तर रविवार सकाळ त्यासाठी राखावी.

या पद्धतीतील किम जॉन पेन या समुपदेशकांनी २००९ साली इंग्रजीत लिहिलेल्या ‘सिम्प्लिसिटी पेरेंटिंग’ या पुस्तकात खेळण्यांची गर्दी, दिनक्रमाची लय आणि कार्यक्रमांची भाऊगर्दी यांबरोबरच चौथी एक गोष्ट मांडली आहे : मोठ्यांच्या जगापासून मुलाला राखणे. सार्वजनिक कामात असलेल्या घरांना ती विशेष लागू पडते. जेवणाच्या ताटावर निवडणूक, दंगल, कोणी कोणाला फसवले, कोण गद्दार निघाला, याची चर्चा तावातावाने चालते. सहा वर्षांच्या मुलाला त्यातील तपशील कळत नाही, आवाजातील भीती आणि संताप मात्र नेमका कळतो. त्या गप्पा मूल निजल्यावर करता येतात.

स्टाइनर यांचे सारेच डोक्यावर घ्यावे असे नाही. ते काही काळ थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख होते. कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे करण्याच्या प्रश्नावर त्यांचे अ‍ॅनी बेझंट यांच्याशी बिनसले आणि ते बाहेर पडले. कर्म-पुनर्जन्माच्या त्यांच्या मांडणीमुळे काही भारतीयांना ते लगेच आपले वाटतात. परंतु त्याच ग्रंथांत वंशांविषयीची अशीही विधाने आहेत की, ती आज कोणी मान्य करणार नाही. त्यांच्या गूढविद्येला शास्त्राचा आधार नाही. लसीकरणाविषयीची नाखुशी तर घातक ठरली आहे. २००८ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे अशाच एका शाळेतून गोवराची साथ पसरली. लय घ्यावी, लसही वेळेवर टोचून घ्यावी. तसेच, या नावाखाली विकली जाणारी परदेशी लाकडी खेळणी आणि रेशमी रुमाल यांच्या किमती पाहून कोणी बिचकू नये. आजीचे मऊ झालेले लुगडे, चिंचोके, नारळाच्या करवंट्या एवढे भांडवल पुरते.

प्रारंभ लहान असावा. दिवसातील एकच तास निवडावा, शक्यतो संध्याकाळचा, आणि काही आठवडे तेवढाच सांभाळावा. दूरदर्शन संच बंद, भ्रमणध्वनी कपाटात, सर्वांचे जेवण एकत्र. पहिल्या आठवड्यात मूल कुरकुर करील. मोठी माणसे त्याहून अधिक करतील. वडिलांना मंगळवारी आणि शुक्रवारी बैठकीमुळे उशीर होत असेल तर तोही क्रमाचाच भाग करावा. त्या दोन दिवशी गोष्ट आजोबांची किंवा आईची. बुधवारी मात्र बाबांची, आणि त्या रात्री फोन आला तरी ती अर्ध्यावर सोडायची नाही.